कापडाची धमनी आणि नारिंगी औषध

१९४७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर वूर्हीस हे तरुण सर्जन कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करत होते. हृदयाची झडप बदलता येईल का, हा त्या प्रयोगांचा विषय. एका ऑपरेशनमध्ये रेशमाचा एक टाका चुकून हृदयाच्या पोकळीतून आरपार गेला आणि तसाच राहिला. काही महिन्यांनी ते हृदय उघडून पाहिलं, तेव्हा त्या धाग्यावर चकचकीत, गुळगुळीत असा पातळ थर चढलेला होता. हृदयाला आतून जसं अस्तर असतं, अगदी तसाच. इतर कुणी तो धागा चिमट्याने ओढून टाकून दिला असता. वूर्हीस तिथे थांबले. शरीर एका धाग्यावर अस्तर चढवत असेल, तर अशाच धाग्यांच्या कापडाची नळी करून ती धमनीच्या जागी शिवली तर त्या नळीवरही चढवेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

धमनीचा चार-सहा इंचांचा तुकडा काढावा लागला तर त्या जागी काय बसवायचं, हा तेव्हा सर्जनांपुढचा मोठा पेच होता. धमनीची दोन टोकं सुईदोऱ्याने एकमेकांना जोडण्याची कला फ्रान्समधल्या लिऑन शहरात अलेक्सी कॅरेल यांनी १९०२ सालीच दाखवून दिली होती. त्याच शहरात १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला होता. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली, ती शिवणं कुणाला जमलं नाही, आणि ते गेले. कॅरेल यांना ही गोष्ट फार लागली होती. लिऑन हे रेशमाचं गाव. तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक टाके घालायला शिकून त्यांनी आपली पद्धत बसवली आणि १९१२ चं नोबेल पारितोषिक मिळवलं. पण टोकं जोडायची तर ती एकमेकांपर्यंत पोचायला हवीत. मधलं अंतर मोठं असलं की कॅरेलही अडायचे. काचेच्या आणि धातूच्या नळ्या त्यांनी घालून पाहिल्या. त्यांत रक्त गोठलं.

१९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी पोटातल्या महाधमनीचा फुगलेला भाग काढून तिथे मृत व्यक्तीची महाधमनी बसवली आणि रुग्ण वाचला. त्यानंतर मोठ्या शहरांतली रुग्णालयं मृतांच्या धमन्या जपून ठेवू लागली. साठा नेहमी अपुरा पडायचा, माप जुळायचं नाही, आणि वर्षं गेली की या धमन्यांत चुना साठायचा, त्या फुगायच्या.

वूर्हीस यांना मधल्या काळात सैन्याच्या नोकरीत टेक्सासला जावं लागलं. तिथून परतल्यावर त्यांनी आर्थर ब्लेकमोर आणि आल्फ्रेड यारेत्स्की या सहकाऱ्यांबरोबर युनियन कार्बाइडच्या व्हिनियॉन-एन या कृत्रिम कापडाच्या नळ्या शिवल्या आणि कुत्र्यांच्या महाधमनीत बसवल्या. १९५२ साली त्यांचा निबंध छापून आला. पुढच्याच वर्षी महाधमनी फुटलेला एक रुग्ण त्यांच्या रुग्णालयात आला. जपून ठेवलेल्या धमन्यांत योग्य मापाची एकही नव्हती. तेव्हा ब्लेकमोर यांनी वूर्हीस यांना तातडीने कापडाची नळी तयार करायला सांगितलं. तो रुग्ण पुढे हृदयविकाराच्या झटक्याने दगावला, पण नळीने आपलं काम केलं होतं. १९५४ पर्यंत अशा अठरा रुग्णांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला.

ह्यूस्टनचे मायकल डिबेकी यांची कथा याहून जास्त सांगितली जाते. लेबनॉनहून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा लहानपणी आईकडून शिवणकाम शिकला होता. नळ्या शिवायला नायलॉन हवं म्हणून ते गावातल्या मोठ्या दुकानात गेले. नायलॉन संपलं होतं. विक्रेत्याने नवीनच आलेलं डेक्रॉन पुढे केलं. डिबेकी यांनी ते घेतलं, घरी बायकोच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या आणि १९५४ मध्ये पहिल्यांदा माणसात वापरल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या वस्त्रतंत्र महाविद्यालयातले टॉमस एडमन यांच्या मदतीने बिनशिवणीच्या नळ्या विणणारं यंत्र तयार झालं. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला हा धागा आपल्याकडे टेरिलीन म्हणून आला. आपल्या घरांत ज्या टेरिकॉटच्या शर्टपीसचे आहेर झाले, त्यातलाच हा धागा. २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, खुद्द डिबेकी यांची महाधमनी चिरली. त्यांच्याच शिष्यांनी डेक्रॉनची नळी बसवून त्यांना वाचवलं, आणि ते आणखी दोन वर्षं जगले.

या नळ्यांना सगळीकडे ग्राफ्ट म्हणतात. पहिल्या पिढीचे विणलेले ग्राफ्ट सच्छिद्र असत. रक्त पाझरू नये म्हणून सर्जन आधी रुग्णाचंच थोडं रक्त काढून त्यात ग्राफ्ट भिजवायचे, छिद्रांत ते गोठू द्यायचे आणि मग शिवायचे. मी हे इतकं तपशिलाने सांगते आहे, कारण ग्राफ्ट कशात तरी भिजवून घेण्याची ही सवयच पुढच्या कथेला कारण झाली.

ग्राफ्टमुळे किती पाय वाचले, किती फुटू घातलेल्या महाधमन्या सावरल्या, याची गणती नाही. पण थोड्या रुग्णांच्या वाट्याला एक भयानक गोष्ट येई. ऑपरेशन उत्तम झालेलं असायचं. रुग्ण घरी जाऊन कामाला लागलेला असायचा. मग कधी पंधरा दिवसांनी, कधी पाच वर्षांनी जांघेतल्या जुन्या व्रणाशी गाठ यायची, ती लाल व्हायची आणि एके दिवशी तिथून पू येऊ लागायचा. बारीक ताप राहायचा. आत शिवलेल्या जागी जंतूंनी धमनीची कड कुरतडलेली असायची, आणि टाका सुटला की रक्ताचा लोट बाहेर. पोटातला ग्राफ्ट असेल तर तो लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला घासत घासत त्यात घुसायचा. आधी थोडी रक्ताची उलटी किंवा काळी शी होई, मग ते थांबे. घरच्यांना वाटे, बरं वाटतंय. काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होई, आणि तो आटोक्यात येत नसे. संसर्ग झालेले रुग्ण शंभरात एक-दोन ते सहाच्या आसपास, जांघेत शिवण असेल तर जास्त. आकडा लहान दिसतो. ज्याच्यावर वेळ आली त्याचं मात्र आयुष्य पणाला लागलेलं असे.

हे का होतं, याचं पहिलं ठोस उत्तर लंडनमध्ये मिळालं, आणि तेही रेशमाच्याच एका टाक्यावरून. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये एलेक आणि कोनेन यांनी १९५७ साली स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू टोचले. पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले, कारण निरोगी शरीर लाखो जंतूंना सहज पुरून उरतं. मग त्यांनी कातडीत रेशमाचा टाका घालून हाच प्रयोग केला. आता काही शेकडो जंतू पुरे झाले. म्हणजे एका धाग्याच्या सोबतीने जंतूंची ताकद दहा हजार पटीने वाढली. वूर्हीस यांच्या धाग्याने शरीर परक्या वस्तूला सामावून घेतं हे दाखवलं होतं. एलेक-कोनेन यांच्या धाग्याने दाखवलं, की जंतूही तितक्याच आनंदाने त्या वस्तूचा आसरा घेतात. पुढची पन्नास वर्षं या दोन गोष्टींच्या ओढाताणीत गेली.

आणि १९७२ साली त्या ओढाताणीत माणसाची बाजू आणखी लंगडी ठरली. सिएटलचे लेस्टर सॉव्हाज आणि त्यांचे सहकारी माणसांच्या शरीरातून काढलेले ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. कुत्र्यात ग्राफ्टवर आतून अस्तर चढतं. माणसात ते फक्त दोन्ही टोकांना, शिवणीच्या आसपास चढतं, हे त्यांना दिसलं. मधला सगळा भाग वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यावर गोठलेल्या रक्ताचा आणि तंतूंचा थर असतो, जिवंत पेशींचा नाही. माझ्या मते या सबंध इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा निष्कर्ष आहे. वूर्हीस यांची आशा ज्या निरीक्षणावर उभी होती, ते कुत्र्याच्या बाबतीत खरं होतं, माणसाच्या बाबतीत अर्धवट. ग्राफ्टला जंतूंचा धोका आयुष्यभर राहतो, तो यामुळे. दात काढताना रक्तात शिरलेले जंतू दहा वर्षं जुन्या ग्राफ्टवरही जाऊन बसू शकतात.

त्याच वर्षी डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधले एमेरिक सिलाग्यी यांनी आपल्याकडच्या संसर्गांचा प्रदीर्घ हिशोब मांडला आणि त्यांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिलीत फक्त कातडीचा संसर्ग, दुसरीत कातडीखालच्या चरबीचा, तिसरीत प्रत्यक्ष ग्राफ्टचा. या पायऱ्या सर्जन आजही वापरतात. तिसरी पायरी गाठली की इलाज एकच होता, आणि तो अघोरी होता. सगळा ग्राफ्ट काढायचा, महाधमनीचं टोक शिवून बंद करायचं, आणि पायांना रक्त पोचवायला शरीराच्या स्वच्छ भागातून नवी वाट काढायची. काखेतल्या धमनीपासून बरगड्यांवरून, कातडीखालून थेट जांघेपर्यंत लांब नळी घालायची ही युक्ती सॅन फ्रान्सिस्कोचे विल्यम ब्लेसडेल यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. ही नळी वारंवार गोठायची. पाय कापावा लागायचा. शिवलेलं महाधमनीचं टोक पुढे कधीतरी फुटायचं. उपचार करूनही कितीतरी रुग्ण जात. जे राहत, त्यांतले बरेच एका पायावर घरी जात.

सॅन फ्रान्सिस्कोलाच वेस्ली मूर काम करत होते. त्यांच्या गटाने १९६९ मध्ये कुत्र्यांत डेक्रॉनचा ग्राफ्ट बसवला आणि जंतू जखमेत न घालता थेट रक्तात सोडले. ग्राफ्टवर संसर्ग झालाच. म्हणजे ऑपरेशनच्या खोलीतली स्वच्छता कितीही पाळली, तरी दुसऱ्या कुठल्या अवयवातून रक्तात येणारे जंतू ग्राफ्ट गाठणारच. तेव्हा संरक्षण ग्राफ्टच्या अंगावरच असायला हवं, या विचाराने मूर यांना पुढची दोन दशकं सोडलं नाही.

साधा उपाय मात्र आधी आला, आणि तो फार प्रभावी ठरला. नॅशव्हिलचे ॲलन कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनच्या ४६२ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ऑपरेशनच्या वेळी सेफाझोलिन हे प्रतिजैविक शिरेतून दिलं, दुसऱ्याला औषधासारखं दिसणारं निरुपद्रवी द्रव. औषध न मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग ६.८ टक्के झाला, मिळालेल्यांत ०.९ टक्के. ग्राफ्टपर्यंत पोचलेले चारही संसर्ग औषध न मिळालेल्या गटातले. त्यानंतर जगभर ऑपरेशनपूर्वी प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं हा रिवाजच झाला. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे वीस वर्षांनी ग्राफ्टवरच्या औषधाची परीक्षा झाली, तेव्हा त्याला या इंजेक्शनच्या वरचा फायदा दाखवायचा होता.

ग्राफ्टलाच औषध चढवण्याचे प्रयत्न सत्तरीच्या दशकारंभीच सुरू झाले होते. नुसतं औषधाच्या पाण्यात बुडवून काढलेला ग्राफ्ट रक्ताच्या प्रवाहात आला की औषध घटकाभरात धुऊन जायचं. महाधमनीतून मिनिटाला काही लिटर रक्त धावतं, त्यापुढे काय टिकणार? न्यूजर्सीच्या रटगर्स वैद्यकीय महाविद्यालयातले राल्फ ग्रेको यांनी रसायनशास्त्राची मदत घेतली. बेंझाल्कोनियमसारखी धन विद्युतभाराची, साबणाच्या जातीची द्रव्यं ग्राफ्टवर आधी चढवायची, आणि त्यांना ऋणभाराची पेनिसिलिनसारखी औषधं चिकटवायची. १९८१ पासून त्यांनी यावर सातत्याने लिहिलं. मूर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी कोलॅजेन या प्रथिनात औषध मिसळून ग्राफ्टवर लेप दिला, म्हणजे कोलॅजेन विरघळेल तसतसं औषध सुटत राहील. प्रयोगशाळेत दोन्ही उपाय चालले. रुग्णालयात पोचायला मात्र एक वेगळं औषध आणि एक वेगळा ग्राफ्ट एकत्र यावे लागले.

ते औषध रिफॅम्पिसिन. क्षयाच्या रुग्णाच्या घरात ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना ते रंगावरून माहीत असेल. गोळी घेतली की लघवी नारिंगी होते, कधी डोळ्यातलं पाणीसुद्धा. १९५७ साली मिलानच्या लेपेती या औषध कंपनीतल्या संशोधकांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सँ-राफाएलजवळच्या पाइनच्या रानातली माती तपासायला आणली. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने तयार केलेली द्रव्यं जंतूंना मारत होती. पिएरो सेन्सी आणि मारिया तेरेसा तिंबाल यांच्या गटाने ती वेगळी केली. त्या सुमारास ‘रिफिफी’ हा दरोड्यावरचा फ्रेंच चित्रपट गाजत होता. प्रयोगशाळेतल्या लोकांनी या द्रव्यांना लाडाने तेच नाव दिलं, आणि पुढे त्याचंच रिफामायसिन झालं. मूळ द्रव्य पोटातून घेता येत नव्हतं. काही वर्षं त्याची रासायनिक रूपं बदलत बदलत १९६५ साली रिफॅम्पिसिन हाती आलं आणि १९६८ पासून बाजारात. क्षयावरच्या उपचाराचा काळ त्याने वर्षा-दीड वर्षावरून पुढे सहा महिन्यांवर आणला. ग्राफ्टवर संसर्ग करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवरही ते अतिशय थोड्या मात्रेत काम करतं.

त्याचा आणखी एक गुण इथे उपयोगी पडला. ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि प्रथिनांना धरून राहतं. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या सर्जनांनी १९८३ मध्ये हे हेरलं. ग्राफ्ट रुग्णाच्या रक्तात भिजवायचाच असतो, तर त्या रक्तातच रिफॅम्पिसिन मिसळलं तर? गोठलेल्या रक्ताच्या जाळ्यात औषध अडकून राहिलं आणि कुत्र्यांतले ग्राफ्ट संसर्गापासून वाचले. कसली महागडी यंत्रसामग्री नाही, नवं रसायन नाही. या कल्पनेचा साधेपणा मला फार भावतो.

तोवर ग्राफ्ट बदलत होते. ग्लासगोजवळच्या व्हॅस्क्युटेक या कंपनीने कारखान्यातच जिलेटिन भरून छिद्रं बुजवलेले डेक्रॉनचे ग्राफ्ट आणले. या कंपनीचं मूळ कोट्स या शिवणदोऱ्याच्या जुन्या उद्योगात. आता रक्तात भिजवायची गरज उरली नाही. जिलेटिन दोनेक आठवड्यांत शरीरात विरघळून जातं. फ्रान्सचे ऑलिव्हिए गोएओ-ब्रिसोनिएर यांनी या ग्राफ्टला रिफॅम्पिसिन चांगलं धरतं हे दाखवलं. ब्रिटनमध्ये स्ट्रॅचन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली रुग्णांतल्या वापराचा अनुभव लिहिला. पद्धत अशी, की मिलिलिटरला एक मिलिग्रॅम औषध असलेल्या पाण्यात ग्राफ्ट पंधरा मिनिटं ठेवायचा. पांढरा शुभ्र ग्राफ्ट केशरी होऊन बाहेर येई.

इकडे जंतूंबद्दलचं ज्ञानही बदलत होतं. मिलवॉकीचे डेनिस बॅंडिक यांना वर्षांनंतर होणाऱ्या संसर्गांचं कोडं पडलं होतं. ग्राफ्टभोवती पाण्यासारखा द्रव साठलेला असायचा, पण तपासणीत जंतू सापडायचेच नाहीत. त्यांनी ग्राफ्टचे तुकडे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हलवून काढले, आणि मग जंतू उगवले. ते होते स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर राहणारे, एरवी निरुपद्रवी. ते ग्राफ्टला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्यात वर्षानुवर्षं मंदपणे जगतात. शिरेतून दिलेलं औषध तिथे पोचलं तरी या सुस्त जंतूंना मारत नाही. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी हे सगळं एका कल्पनेत मांडलं. शरीरात नवी वस्तू ठेवली की शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यात तिचा पृष्ठभाग आधी गाठण्याची शर्यत लागते. ही मांडणी वाचताना सॉव्हाज यांचे उघडे पडलेले ग्राफ्ट डोळ्यांपुढे येतात. माणसात ती शर्यत पेशी पुरी करतच नाहीत. रिफॅम्पिसिनचा लेप जंतूंना काही दिवस रोखतो, आणि पेशींना लागणारा काळ मात्र त्या दिवसांत मावत नाही.

नव्वदीच्या दशकात दोन मोठ्या चाचण्या झाल्या. इटलीत डाद्दातो यांच्या नेतृत्वाखाली अनेक रुग्णालयांतल्या ६०० रुग्णांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून, साधा किंवा रिफॅम्पिसिनचा ग्राफ्ट बसवला गेला. ब्रिटनमध्ये जोनथन अर्नशॉ आणि सहकाऱ्यांनी काखेतून किंवा एका जांघेतून दुसऱ्या जांघेकडे नेलेल्या ग्राफ्टच्या २५७ रुग्णांवर तीच परीक्षा घेतली. दोन वर्षं वाट पाहिली. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघाला. संसर्गाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानेही तेच नोंदवलं. शिरेतून दिलेलं प्रतिजैविक जखमेचा संसर्ग सुमारे तीन चतुर्थांशाने कमी करतं, रिफॅम्पिसिनच्या लेपाचा महिन्यानंतर किंवा दोन वर्षांनंतर फायदा दिसत नाही.

ज्यांनी आपली दहा-पंधरा वर्षं या कल्पनेला दिली, त्यांना हे लिहिताना काय वाटलं असेल! तरी त्यांनी ते लपवलं नाही, पूर्ण लिहिलं. मला या सबंध प्रकरणात सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचा. अपयशाची कारणंही समजण्यासारखी आहेत. दोन्ही गटांना इंजेक्शन मिळतच होतं, त्यामुळे संसर्ग मुळात थोडे होते, आणि थोड्यात थोडा फरक सिद्ध करायला हजारो रुग्ण लागतात. रिफॅम्पिसिन आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंवर फारसं चालत नाही. जंतूत एकच छोटा जनुकीय बदल झाला की ते पूर्ण निकामी होतं. म्हणूनच क्षयात ते कधी एकट्याने देत नाहीत. आणि मात्रा फार कमी होती.

या शेवटच्या मुद्द्यातून त्या कल्पनेला दुसरं आयुष्य मिळालं. ज्यांना संसर्ग झालेलाच आहे, त्यांचं काय, असा प्रश्न काही सर्जनांनी धरून ठेवला होता. ग्राफ्ट काढून काखेतून नवी वाट काढण्याचे हाल त्यांनी पाहिले होते. डॅलसचे पॅट्रिक क्लॅगेट यांनी १९९३ मध्ये रुग्णाच्याच मांडीतल्या खोल, मोठ्या शिरा काढून त्यांतून नवी महाधमनी घडवण्याची पद्धत मांडली. स्वतःच्या शिरेत जंतू सहजी टिकत नाहीत, म्हणून हा उपाय आजही उत्तम मानतात. पण त्याला फार तास लागतात, आणि रक्तस्राव होत असलेल्या, थकलेल्या वृद्धाला इतके तास भूल सोसत नाही. अशांसाठी बॅंडिक यांनी संसर्ग झालेला ग्राफ्ट काढून त्याच जागी रिफॅम्पिसिनने भिजवलेला नवा बसवायला सुरुवात केली. मात्रा मिलिलिटरला ४५ ते ६० मिलिग्रॅम. इटली-ब्रिटनच्या चाचण्यांहून पंचेचाळीस ते साठ पट.

ऑपरेशनच्या टेबलाजवळ ही तयारी अशी होते. ६०० मिलिग्रॅमच्या कुपीत दहा मिलिलिटर पाणी घालून नर्स ती हलवते. गडद, तांबूस नारिंगी द्राव होतो. अशा काही कुप्या स्टीलच्या वाडग्यात ओततात, जिलेटिनचा ग्राफ्ट त्यात बुडवतात आणि अर्धा तास तसाच ठेवतात. तेवढ्या वेळात सर्जन जुना ग्राफ्ट सोडवत असतो. कुजलेलं सगळं कापून काढतो, जागा लिटर-लिटर पाण्याने धुतो. नवा ग्राफ्ट शिवताना हातमोजे नारिंगी होतात. शिवण झाली की आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीची घडी, म्हणजे ओमेंटम, मुळापासून न तोडता वळवून ग्राफ्टभोवती गुंडाळतात. तिच्यात भरपूर रक्तपुरवठा असतो आणि संसर्गाशी लढणाऱ्या पेशीही. पुढे महिनोन् महिने, काहींना जन्मभर, प्रतिजैविकं चालू राहतात. मेयो क्लिनिकच्या सर्जनांनी २०११ साली आतड्यात घुसलेल्या ग्राफ्टच्या पन्नासावर रुग्णांचा असा अनुभव मांडला. एकेकाळी ज्या आजारात बहुतेक जण जात, त्यात ऑपरेशननंतर दगावलेले दहांत एकाहून कमी होते, आणि नव्या ग्राफ्टला पुन्हा संसर्ग झाला तो अगदी मोजक्यांना. ही तुलनात्मक चाचणी नव्हती, आणि असे रुग्ण इतके थोडे, इतके वेगवेगळे आणि इतके तातडीचे, की तशी चाचणी होणंही अवघड. तरी हा अनुभव सर्जनांनी मनावर घेतला.

मधल्या काळात चांदीचा लेप दिलेले ग्राफ्ट युरोपात नव्वदीच्या दशकाअखेरीस आले, पुढे चांदीबरोबर ट्रायक्लोसान हे जंतुनाशक असलेलेही. ते वापरात आहेत. पण पहिल्याच ऑपरेशनला ते बसवले तर संसर्ग निश्चित टळतो, असं त्यांनाही सिद्ध करता आलेलं नाही.

आता प्रयत्नांचा रोख बदलला आहे. पॉलिएस्टरला औषध पाजण्याऐवजी ज्यात शरीराच्या पेशी आनंदाने शिरतील अशी नळीच घडवायची. अमेरिकेत लॉरा निक्लसन यांनी माणसाच्या स्नायुपेशी विरघळणाऱ्या जाळीवर वाढवल्या, त्यांनी तयार केलेली कोलॅजेनची नळी ठेवली आणि पेशी धुऊन काढल्या, म्हणजे कुणाच्याही शरीराने ती नाकारू नये. अशी नळी बसवली की रुग्णाच्या पेशी तिच्यात वस्ती करतात. युक्रेनच्या युद्धात जखमी झालेल्यांनाही ती बसवली गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हातापायांच्या धमन्यांच्या जखमांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. तिचा व्यास सहा मिलिमीटर आहे. महाधमनी त्याच्या तिप्पट रुंद. तेव्हा पोटातला ग्राफ्ट नासला आणि रुग्णाच्या मांडीतल्या शिरा काढायला वेळ नसला, तर आजही सर्जन नर्सला रिफॅम्पिसिनच्या कुप्या फोडायला सांगतो. रिफॅम्पिसिन चढवलेला तयार ग्राफ्ट कुठलीच कंपनी विकत नाही.